भाडं न देणारा भाडेकरू

"अक्काचं घर जाणार, मॅडम," बसवराज दारातूनच म्हणाला.

खासगी तपासनीस मालिनी हेगडेंनी मान वर केली. बसवराज बरीच वर्षं त्यांच्या तपासात मदतनीस होता. स्वतःच्या घरचं प्रकरण त्याने पहिल्यांदाच आणलं होतं.

गौरम्मा ही त्याची थोरली बहीण. मल्लेश्वरमचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून तिने येलहंक्याला फ्लॅट घेतला होता. भाड्यातून हप्ता फिटेल, हा हिशेब. फ्लॅट सांभाळायला प्रह्लाद नावाचा माणूस नेमला, सह्यांचे अधिकारही त्यालाच दिले. वर्षभर भाडं आलं. मग तीन महिने काहीच नाही. आता बँकेची नोटीस आली होती.

"भाडेकरू माजलाय म्हणतो प्रह्लाद. पैसेही देत नाही, उठतही नाही."

"अक्का त्या भाडेकरूला भेटल्या?"

"कधीच नाही. मालक डोकावले की भाडेकरू बिथरतात, असं प्रह्लादच म्हणाला."

प्रह्लादच्या ऑफिसात दोघांपुढे लगेच कॉफी आली.

"मीच मेलोय या माणसापायी, मॅडम. चांगला वकील बघा. दुसरा इलाज नाही."

"अनामत घेतली होतीत ना?"

"घेतली की. नेहमीसारखी." प्रह्लाद फोनमध्ये बघू लागला.

"आपल्याकडे नेहमीसारखी म्हणजे दहा महिन्यांच्या भाड्याएवढी," जिना उतरताना बसवराज म्हणाला.

"हो ना," हेगडे एवढंच म्हणाल्या.

येलहंक्याच्या इमारतीच्या फाटकावर पाटी होती : 'घरे भाड्याने किंवा लीजवर. भेटा : प्रह्लाद.'

भाडेकरू मुनिराजू बेकरीत कामाला होता. त्याने बाल्कनीला नवी जाळी बसवली होती. देवघराला सागवानी दार होतं.

"हे मालकाने करून दिलं?" हेगडेंनी विचारलं.

"मालक कसला करतोय! माझ्या खिशातून केलं."

बसवराज भडकला. "सागवानाला पैसे आहेत आणि भाड्याला नाहीत?"

"भाडं? कसलं भाडं रे? माझं मला परत द्या, उद्या सामान उचलतो!"

"ऐकलंत? वर अनामत मागतोय," बसवराज बाहेर येऊन म्हणाला. "अक्का आता कुठे जाईल, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी हेगडेंनी सगळ्यांना गौरम्माच्या घरी बोलावलं.

"प्रह्लाद, तीन महिन्यांचं भाडं अनामतीतून कापा आणि अक्कांना द्या. बँक थांबेल."

प्रह्लादने ओठ चाटले. "अनामत... तशी घेतलीच नव्हती."

"घेतली नव्हती?" मुनिराजू ताडकन उठला. "गावची जमीन विकून अठरा लाख तुझ्या हातात मोजले, ते काय होतं?"

"अठरा लाख? कसले?" बसवराजने विचारलं.

"लीज," हेगडे म्हणाल्या. "एकदाच मोठी रक्कम द्यायची, भाडं न देता राहायचं आणि सोडताना सगळी परत घ्यायची. प्रह्लादने अक्कांना सांगितलं भाडं आणि यांना घर दिलं लीजवर. यांच्याच पैशातलं थोडं थोडं दरमहा अक्कांना दिलं, बाकीचं उडवलं. पैसे संपले तेव्हा भाडं थांबलं."

"तुम्हाला कसं कळलं?" बसवराजने विचारलं.

"दहा महिन्यांची अनामत हातात असताना तीन महिन्यांसाठी कुणी वकील शोधत नाही. दरमहा भाडं भरणारा परक्याच्या घरात सागवान लावत नाही. आणि मालक-भाडेकरू भेटले असते तर हे पहिल्याच दिवशी फुटलं असतं. पाटीवर तर लीज लिहिलंच होतं."

"पैसे फिरवले होते, मॅडम. येणार होते..." प्रह्लाद पुटपुटला.

"ते पोलिसांना सांगा."

गौरम्माने मुनिराजूकडे बोट दाखवलं. "म्हणजे वर्षभर मी याच्या पैशाने हप्ते भरले?"

"हो, अक्का."

"मग मी आता कुणाकडे मागू?" मुनिराजूने विचारलं.

"प्रह्लादकडे! अक्का, तू बोलू नकोस," बसवराज घाईने म्हणाला.

"गप रे. त्याला अधिकार दिले त्या कागदावर सही माझी आहे." ती मुनिराजूकडे वळली. "माझ्याकडे माग. फ्लॅट विकू. बँकेचं देऊ, तुझं देऊ."

"आणि पुरले नाहीत तर?" बसवराजने विचारलं.

"तर हे घर."

गौरम्माने डोळे पुसले.

"फ्लॅट बघायला गिऱ्हाईकं येतील," ती मुनिराजूला म्हणाली. "दार उघडशील ना?"

मुनिराजूने मान हलवली.

"उघडीन, अम्मा."