तिसरं पिल्लू

इब्राहिमला त्या दिवशी दोनच कामं होती. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचं एक रिकामं क्रेट घ्यायचं आणि आनेकेला घोड नदीकाठच्या सोमाजीच्या उसात पोचवायचं. जीप त्याची, आणि बिबट्यांचं काम करणाऱ्या संस्थेनं ती भाड्यानं लावलेली. आनेके हॉलंडची. सव्वीस वर्षांची पोर, पाठीला पिशवी लावून एकटीच निघालेली, आणि दोन महिन्यांपासून इथं बिनपगारी बिबट्यांची पिल्लं सांभाळत होती! वस्तीवरच्या बायका तिला आनकाबाई म्हणायच्या, मराठी शिकवायच्या, भाकरी खाऊ घालायच्या, आणि “आईबाप कसे गं सोडत्यात तुला?” म्हणून हळहळायच्याही.

आता या भागातली रीत सांगायला हवी. ऊस तुटायला लागला की पाचटात बिबट्याची पिल्लं सापडतात. ती लांब न्यायची नाहीत. सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची आणि माणसांनी बाजूला व्हायचं. दिवस बुडता बुडता आई येते, एकेक करून नेते. सगळी मिळाली तर ठीक. एक जरी कमी भरलं तरी ती रान सोडत नाही, वस्तीभोवती घिरट्या घालते, आणि मग कुणाचं तरी रक्त सांडतं. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

सोमाजीनं दोन पिल्लं दाखवली. “दोनच सापडली ताई,” तो म्हणाला. आनेके हातमोजे घालून त्यांची वजनं करायला बसली, तसा त्यानं इब्राहिमला खुणेनं गोठ्यामागं बोलावलं. तिथं खताचं रिकामं पोतं होतं, खालून भिजलेलं. इब्राहिमनं त्याचं तोंड उघडून पाहिलं. तिसरं पिल्लू होतं. कोयत्यानं मान तुटून कातडीला लोंबत होती, आणि घाव एक नव्हता, सात-आठ होते.

“चुकून लागला?”

“न्हाई,” सोमाजी म्हणाला. “मुद्दाम मारलं. गेल्या साली माझी बायकू सारजा गवताला वाकली व्हती, तवा बिबटिणीनं नेली तिला. निम्मीच घावली रं मला... तिचं एक मी मारलं, तर काय बिघडलं?” मग त्यानं हात जोडले. “फारेष्टवाल्यांना कळलं तर खडी फोडाया धाडतील. आपण एका बाकावर शिकलो, इब्राहिम.”

बोलायला हवं होतं हो! पण शाळूसोबती रडतोय म्हटल्यावर इब्राहिमचं काळीज विरघळलं. त्यानं स्वतःच्या हातानं बांधाखाली खड्डा केला, पिल्लू पुरलं, हात धुतले, आणि आनेकेला म्हणाला, “चला ताई, दोन ठेवून येऊ.”

दिवेलागणीला दोघं जीपमध्ये बसली, क्रेटपासून साठ-सत्तर पावलांवर. सोमाजी घरात कडी लावून होता. आनेकेच्या मोबाईलवर क्रेटपाशी लावलेल्या क्यामेऱ्याचं चित्र दिसत होतं. ओल्या पाचटाचा आंबूस वास काचेतून आत येत होता. बिबटीण आली. एक पिल्लू नेलं. थोड्या वेळानं दुसरं नेलं. आनेके आनंदानं रडायला लागली.

बिबटीण तिसऱ्यांदा आली.

तिनं रिकामं क्रेट हुंगलं, पंजानं कोपरे चाचपले आणि शेजारी बसून राहिली. तेवढ्यात सोमाजीच्या घराकडून बारीक आवाज आला. भुकेलं पिल्लू आईला हाक मारतं, तसा.

“भाऊ, तिसरं आहे!” आनेकेनं दार उघडलं. “मी आणते.”

इब्राहिमनं तिचं मनगट घट्ट धरलं. “ताई, उतरू नका... तिसरं मेलंय. सोमानं मारलं. मी पुरलंय.”

तिनं मनगट सोडवून घेतलं. “तुम्ही खोटं बोलला मला?” आणि मग, अगदी हळू, “मग हे... कोण?”

घराची कडी पडल्याचा आवाज झाला. सोमाजी बाहेर आला, चार हातापायांवर. तुटल्या उसाच्या बुडख्यांनी तळवे फाटत होते, गुडघे सोलवटत होते, त्याला पर्वा नव्हती. त्याच्याच तोंडातून तो आवाज निघत होता.

“सोम्या! माघारी फिर!” इब्राहिमनं हॉर्न दाबून धरला, दिवे लावले. सोमाजीनं एकदा उजेडाकडं पाहिलं. डोळे त्याचेच होते, अन् भीतीनं फाटलेले होते. हातपाय मात्र पुढंच चालले. तो बिबटिणीपाशी जाऊन पोटाशी गुडघे घेऊन पडला.

तिनं चावलं नाही. ती चाटायला लागली. आई चाटते तसं, मायेनं. सदरा फाटला. मग जिभेनं त्याची कातडी सोलवटायला लागली. किसणीवर खोबरं किसावं तसा आवाज जीपपर्यंत येत होता, आणि सोमाजी ओरडत नव्हता, दूध पिताना पिल्लू करतं तसं गुरगुरत होता. इब्राहिमनं जीप तिच्या अंगावर घातली. तोवर तिनं त्याला मानगुटीला धरलं आणि फरफटत उरल्या उसात नेलं.

सकाळी प्रेत बाभळीखाली मिळालं. मानेपासून कमरेपर्यंत कातडी नव्हती. नरड्याला एकही दात लागलेला नव्हता.

इब्राहिमनं काही लपवलं नाही. फारेष्टवाल्यांना, पोलिसांना सगळं लिहून दिलं. आनेके दुसऱ्या जीपनं गेली. भर दुपारी तो जुन्नरला घरी पोचला. बायकोनं, दिलशादनं, चहा पुढं ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“रडू नका हो,” ती म्हणाली. “अन् असं बारीक आवाजात काय रडताय, लेकरावानी?”

मी कुठं रडतोय, असं त्याला म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. तोच आवाज आला, आणि त्याचे दोन्ही हात आपसूक जमिनीला टेकले.