मुक्ताची अकरा मिनिटं

बावन्न सालची गोष्ट. मंडईजवळच्या थिएटरात सहा वर्षांपूर्वीचा एक पौराणिक बोलपट मॅटिनीला पुन्हा लागला. यज्ञेश्वर लिमये बायकोला, हेमाला, घेऊन गेला. का नाही जाणार? तो संकलक, सिनेमा त्यानंच कापून जोडला होता. स्टुडिओत त्याच्या कात्रीचा असा दरारा की भल्याभल्या नट्या त्याच्याशी गोड बोलत.

मुक्ता तेवढी बोलली नव्हती. हिंगण्याच्या शेतकऱ्याची पोर, दासीचं काम मिळालेली. यज्ञेश्वरनं तिचा हात धरला, तिनं सगळ्यांदेखत थोबाडीत ठेवून दिली. मग या पठ्ठ्यानं तिचं अख्खं काम, अकरा मिनिटं, कापून काढलं आणि तुकडे स्वतः जाळले. तिकडं बैलगाड्या जुंपून गाव पहिल्या खेळाला आलं, तर पडद्यावर मुक्ता नाही! गावानं तिला खोटारडी ठरवलं. आठवड्यात तिनं कालव्यात उडी घेतली. बातमी आली तेव्हा यज्ञेश्वर जेवत होता. जेवण त्यानं पुरं केलं.

आणि आता पडद्यावर, राणीच्या महालात खांबाआड, तबक धरून ती उभी होती.

"ही कोण?" तो पुटपुटला.

"दासी," हेमा शेंगा सोलत म्हणाली. "राण्यांना असतात."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. मुक्ता तबक घेऊन चार पावलं चालली. सुरुवातीच्या नावांत मात्र त्याच्या नावाची, संकलकाची पाटी आलीच नाही. तो तडक ऑपरेटरकडं वर गेला.

"अशी पाटी नव्हतीच कधी," सर्जेराव ऑपरेटर म्हणाला. "ती बाई पहिल्यापासनं हाय. आपण कोण?"

"अहो, मी कापलं होतं तिला!"

सर्जेरावनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

तिसऱ्या दिवशी ती बोलली. संवाद तोच, शब्दन् शब्द. त्या संध्याकाळी स्टुडिओच्या फाटकावर पहारेकऱ्यानं त्याला नाव विचारलं. रोज सलाम ठोकणारा माणूस! घरी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत हेमा मुंडावळ्या बांधून एकटी उभी होती.

शनिवारी तो थिएटरच्या मॅनेजरच्या पाया पडला. "काढा हो हा सिनेमा." मॅनेजरनं मान वर केली नाही.

"हेमा, तू तरी ओळखतेस ना मला?" त्यानं घरी येऊन विचारलं.

"अहो, काय हे! बरं वाटत नाही का?"

तेवढाच आधार उरला होता. रविवारी तिला घेऊनच तो खेळाला बसला. तिचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हातात घड्याळ.

मुक्ता आली. चालली, बोलली, हसली. नऊ मिनिटं. दहा. थिएटरात टाळ्या पडत होत्या.

अकराव्या मिनिटाला तिनं तबक खाली ठेवलं आणि सरळ त्याच्याकडं पाहिलं. असं चित्रीकरण कधी झालंच नव्हतं.

"मुक्ता, चुकलो गं!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. एकही मान वळली नाही.

अंधारात चाचपडत कुणी म्हातारी रांगेत शिरली. त्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

"बाई, हितं कोण हाय का?"

हेमाचा हात अजून त्याच्या हातात होता.

"छे हो," ती म्हणाली. "मी एकटीच आलेय. बसा ना."

म्हातारी बसली.