ओव्हरलोडची घंटा

बाविसाव्या पायरीवर मी बसले. ठरवून नाही, गुडघ्यांनी बसवलं.

"लिफ्ट चालू आहे, मॅडम."

खांद्याला अवजारांची पिशवी, हातांना ग्रीस. आमच्या ऑफिसच्या इमारतीची म्हातारी लिफ्ट दर गुरुवारी तपासायला येणारा लिफ्टवाला.

"माहितीय."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही तुमचं तेल घाला."

तो गेला नाही. दोन पायऱ्या खाली टेकला आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी एक घोट घेतला, थांबले, मग दुसरा.

"कडू औषध प्यावं तसं पिताय."

"वजनाचं ऑपरेशन झालंय. पोट लहान केलंय. चार आठवडे झाले. गटागटा प्यायले तर उलटी होते. झालं समाधान?"

यावर लोक "अय्या!" म्हणतात, नाहीतर नजरेनं मापं काढतात. तो म्हणाला, "दमायला होत असेल ना... फार?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. आईला माझ्यासाठी स्थळं दिसू लागली होती, ऑफिसातल्यांना माझे ढगळ झालेले कपडे. मी नकाशे काढते. दुपारी दोन वाजले की हातातली पेन्सिल पहारीएवढी जड व्हायची. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्याशा खाण्यावर शरीर चालतंय, ताकद यायला दोन-तीन महिने लागतील. प्रथिनं घ्या, रोज थोडं जास्त चाला. "सोपा मार्ग निवडलास गं," म्हणणाऱ्या मावशीला माझी एक दुपार भेट द्यायला हवी होती.

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी स्टूल होतं.

"हे कुणी ठेवलं?"

"लिफ्टच्या खोलीत पडून कंटाळलं होतं बिचारं." तो माझ्याकडे न बघता पाना पुसत राहिला. "मागच्या वेळी बावीस. आज छत्तीस."

"माझ्या पायऱ्या मोजता?"

"यंत्रं तपासतो. सवय."

"मी यंत्र नाही."

"छे. यंत्र इतकं भांडत नाही."

मी हसले. पोटात ओढ बसली, तरी हसले.

चौथ्या गुरुवारी पन्नासाव्या पायरीवर त्यानं विचारलं, "लिफ्टशी एवढं वैर का?"

सांगून टाकलं. मागच्या वर्षी लिफ्टमध्ये चार माणसं होती. मी पाचवी चढले आणि ओव्हरलोडची घंटा वाजली. चौघांनी माझ्याकडे पाहिलं. एक जण हसला. मी उतरले, तशी घंटा थांबली. ऑपरेशन रक्तातल्या साखरेसाठी केलं, घंटेसाठी नाही. पण त्या दिवशी जिना धरला तो धरलाच.

"तारीख कुठली?" त्यानं विचारलं. मी सांगितली. तो उठला आणि तडक निघून गेला. पाना पायरीवरच राहिला.

पाचव्या गुरुवारी तो तळमजल्यावर उभा होता.

"चूक माझी होती. लिफ्ट सहा माणसांची आहे. चाचणीला पूर्ण वजनाच्या गोण्या चढवायला कुणी नव्हतं, म्हणून कमी वजनावर घंटा वाजवून पाहायला मी तिची वजनमर्यादा खाली आणली... आणि परत वर न्यायला विसरलो. तीन दिवस ती तशीच होती. नोंदवही काढून पाहिली. तुम्ही सांगितलेली तारीख त्यातच येते."

मी पर्समधून त्याचा पाना काढून त्याच्या हातात आपटला आणि चढू लागले. बावीस, छत्तीस, पन्नास... बहात्तर. कुठेच थांबले नाही. अठरा किलो उतरले होते, राग ग्रॅमभरही उतरला नव्हता. थेट ऑफिसातल्या माझ्या टेबलाशी पोचले.

मागोमाग तो आला. धापा टाकत, दाराला धरून.

"लिफ्ट नव्हती का?"

"होती. तुम्ही नव्हता तिच्यात." त्यानं श्वास गोळा केला. "त्या दिवशी हसणाऱ्याला मी काही करू शकत नाही. पण पाच गुरुवार झाले, मला लिफ्टपेक्षा जिन्याचीच ओढ लागलीय. आता हाकला हवं तर."

मी हाकललं नाही. माफही केलं नाही लगेच. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टमध्ये चौघे होते. मी पाचवी चढले, तो सहावा. सगळे घंटेच्या धास्तीनं श्वास धरून उभे, मी सोडून. दार लागलं. लिफ्ट मुकाट्यानं खाली निघाली.

"सूप घ्याल?" त्यानं हळूच विचारलं.

"वाटीभर सूप संपवायला मला अर्धा तास लागतो."

"अर्धाच?" तो म्हणाला. "जरा सावकाश प्या ना."