दहावीचा गणिताचा पेपर

पहिल्याच भेटीत त्यानं काहीतरी पाठीमागं लपवलं, हे जुईच्या लक्षात राहिलं.

जुलै १९९४. लखनौच्या सेंट कॅसियन्समध्ये, पाद्र्यांनी सरकारी मदतीशिवाय चालवलेल्या त्या मुलांच्या शाळेत, तिचा तिसराच दिवस होता. मोठ्या वर्गांना शिकवणारी ती एकटीच बाई. कॉरिडॉरच्या वळणावर समोरून एक उंच तरुण घाईनं आला, तिला धडकता धडकता राहिला आणि हातातला कागदांचा गठ्ठा त्यानं चटकन पाठीमागं नेला. मनगटापर्यंत काळी शाई.

"सॉरी मॅडम... दांडेकर ना? मी धैर्यशील जाचक. केमिस्ट्री. आणि परीक्षा विभाग."

परीक्षेचे कागद लपवायचेच असतात, हे तिला नंतर कळलं. पण त्याचे डोळे मात्र लपत नव्हते. ते तिच्यावरच थांबले होते... जरा जास्तच.

ऑगस्टमध्ये दहावीची चाचणी झाली आणि जुईनं काढलेला गणिताचा पेपर फुटला. बी तुकडीतल्या चार मुलांनी आदल्याच दिवशी तीच गणितं, त्याच क्रमानं वहीत सोडवली होती. मुख्याध्यापक फादर लोबोंनी तिला ऑफिसात बोलावलं. ते हळू आवाजात म्हणाले, की हा पेपर दोनच माणसांनी पाहिला होता. काढला तुम्ही, टाईप करून छापला जाचकांनी. पालकांच्या विश्वासावर चालणारी शाळा आहे, गाजावाजा नको. तुमच्यावर माझा विश्वास आहे. त्यांच्यावर जरा नजर ठेवा.

जुईनं नजर ठेवायला सुरुवात केली. स्टाफरूममध्ये ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसू लागली. तो कुणाशी बोलतो, चहा पिताना खिडकीबाहेर का बघतो, सगळं टिपत राहिली. आणि दर वेळी मान वर केली की तोही तिच्याकडेच बघत असायचा. मग दोघंही एकदम दुसरीकडे बघायचे.

एका दुपारी त्यानं स्कूटरवरून विकास नगरला तिच्या घरापर्यंत सोडायची तयारी दाखवली. संशयिताला जवळून पाहावं, म्हणून ती हो म्हणाली. निदान स्वतःला तिनं तेच सांगितलं. मग रोजचंच झालं. त्याचं मराठी गमतीदार होतं, जन्मच लखनौमधला. पण वाटेत तो फार प्रश्न विचारायचा. पेपर घरी काढता की शाळेत? कॉलनीत दहावीची मुलं किती? शिकवणीला येतात का?

"आडनावाला अगदी जागता तुम्ही," ती एकदा म्हणाली. "इतकी चौकशी कशाला?"

"ऐसे ही... माणूस समजायला."

"आणि समजलं?"

"गणित येतं म्हणतात तुम्हाला. मला तुमचंच गणित सुटत नाहीये," तो म्हणाला. आरशात त्याचे डोळे हसले. तीही हसली, आणि लगेच तिला स्वतःचा राग आला. गोड बोलणाऱ्यांवरच जास्त संशय घ्यावा, असं आई म्हणायची.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ती मावशीला गाडीत बसवायला चारबाग स्टेशनवर गेली होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला धैर्यशील उभा होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, एक जाड तपकिरी लिफाफा गार्डच्या हातात दिला, त्याच्या कानाशी काही बोलला आणि भरभर निघून गेला. जुई खांबाआड उभी राहून बघत होती. सहामाहीला दहा दिवस उरले होते.

सोमवारी तिनं फादरना ते सांगितलं. फादर म्हणाले, पुरावा मिळाला तर बरं, नाहीतर बुधवारी मी त्यांच्याकडे राजीनामा मागतो. त्या दुपारी तिनं डोकं दुखतंय म्हणून स्कूटर टाळली. रिक्षात बसल्यावर खरंच डोकं दुखायला लागलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर तो सहामाहीचा तिचा पेपर छापायला छपाईच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावली. आकाश भरून आलेलं, अंधारलेलं. थोड्या वेळानं जुई हॉकीच्या मैदानाच्या बाजूनं खोलीच्या मागं गेली. खिडकीखाली मेंदीचं कुंपण होतं, आणि एका ठिकाणी ते चांगलंच तुडवलेलं होतं. चिखलात बुटांचे ठसे, टॉफीचे कागद. तिनं चिखलात पाय ठेवून वर पाहिलं आणि... तिथंच थबकली.

काचेच्या आत दोरीवर नुकतं छपाईला वापरलेलं स्टेन्सिल वाळत घातलं होतं. मागं ट्यूबलाईट. मेणकागदावर टाईप झालेलं एकेक अक्षर उजेडानं चमकत होतं. प्रश्न पहिला, प्रश्न दुसरा. तिचीच गणितं. इथं उभं राहून कुणीही उतरवून घ्यावीत, इतकी स्वच्छ.

स्टेन्सिल हललं. त्याच्या आड धैर्यशीलचा चेहरा होता. तो तिला पाहून दचकला. नंतर तिच्या पायांखालचे ठसे, काच, दोरी, सगळं त्यानं पाहिलं. त्यानं खिडकी उघडली.

"म्हणजे पेपर मीच फोडला," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी इथंच वाळत घालतो. पुन्हा प्रती लागल्या तर म्हणून."

"मुद्दाम नाही केलंत तुम्ही."

"पण केलं ना. चला, फादरना सांगू." मग जरा थांबून, "तुम्ही इथं काय करत होतात?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिनं सगळं सांगितलं. फादरनी नजर ठेवायला सांगितल्याचं, चारबागचं, लिफाफ्याचं.

त्यानं खिडकीच्या कठड्यावर हात टेकले. लिफाफ्यात बाबांचे हार्टचे रिपोर्ट होते, त्यानं सांगितलं. ते झाशीला रेल्वेत इंजिनिअर आहेत, तपासण्या लखनौत झाल्या, पण रिपोर्ट झाशीच्या रेल्वेच्या डॉक्टरला दाखवायचे होते. गार्ड ओळखीचे. आईला कळू नये म्हणून गुपचूप पाठवले.

जुईला तोंड वर करवेना.

"मलाही सांगितलं होतं फादरनी," तो म्हणाला. "तुमच्यावर नजर ठेवायला. ऑगस्टमध्येच. हेच शब्द... माझा तुमच्यावर विश्वास आहे."

तिनं झटकन वर पाहिलं. "म्हणजे स्कूटर, ते प्रश्न... सगळं ड्यूटी?"

"पहिला आठवडा."

"आणि मग?"

"मग फादरना जाऊन सांगितलं, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. या मुलीच्या बाबतीत मला आता नीट दिसत नाही. मी... माझा काही भरवसा राहिला नाही."

मैदानावर थेंब पडायला लागले. ती मेंदीत तशीच उभी होती. यानं तिच्यासाठी पहारा सोडला होता आणि तिनं त्याची नोकरी घालवायला घेतली होती. राग आला का, असं तिनं कसंबसं विचारलं.

"आत्ता आलाय," तो म्हणाला. "थोडा वेळ राहील. पण तुम्ही भिजताय, आत या."

फादर लोबोंनी दोघांचं ऐकून घेतलं. जुईनं चारबागची गोष्ट धैर्यशीलसमोरच मागं घेतली आणि फादरनी दोघांना एकमेकांमागं लावलं होतं, हेही स्पष्ट बोलून दाखवलं. म्हातारे फादर लाल झाले, चष्मा पुसत माफी मागितली. राजीनाम्याचा विषय निघाला नाही. जुईनं दोन दिवसांत नवा पेपर काढला. बी तुकडीच्या चौघांना तो फारच अवघड गेला.

धैर्यशीलचा राग आठ दिवस टिकला. त्या आठ दिवसांत ती रोज रिक्षानं घरी गेली. नवव्या दिवशी ती स्वतःच त्याच्या स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

"झाशीचे रिपोर्ट कसे आले?"

"ठीक आहेत. गोळ्या वाढवल्या."

"मला विचारायला हवं होतं... फादरकडे जायच्या आधी. तुला विचारायला हवं होतं."

तो किल्ली लावता लावता थांबला. "तुला?"

"हो. तुला." तिचे कान तापले. "आणि तू पहारा सोडल्यावरही रोज का सोडायला येत होतास, तेही विचारायचंय. कळतंय मला. पण ऐकायचंय."

मग त्यानं सांगितलं. शाळा सुटून सगळी मुलं पांगेपर्यंत सांगत राहिला. तिचं उत्तर मात्र एका शब्दाचंच होतं.

रविवारी तो विकास नगरला तिच्या घरी आला. बँकेत आयुष्य गेलेल्या तिच्या बाबांनी, मधुसूदन दांडेकरांनी, त्याला आपल्या समोर बसवलं आणि विचारलं, तुमची ओळख कधीपासूनची?

"जुलैपासून," धैर्यशील म्हणाला.

"मागच्या आठवड्यातल्या मंगळवारपासून," त्याच क्षणी जुई म्हणाली.

बाबांनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग आत वळून आईला सांगितलं, की चहा जरा सावकाश टाक, इथं बरंच विचारायचं आहे.