हँडओव्हरच्या टॅगमधलं नाव

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. पटलं नाही तर सोडून द्या, मला काही सिद्ध करायचं नाही.

मागच्या वर्षीचा अठरा मार्च, दुपारचे तीन. जागा अमरावती, राजापेठेतलं आमचं ऑफिस. रात्र नव्हती, अंधार नव्हता. कूलर चालू होता आणि शेजारच्या टेबलावर निधी नुकतीच डबा धुऊन येऊन बसली होती.

आम्ही दुसऱ्यांचे क्लाउडवरचे सर्व्हर सांभाळतो. कोणता सर्व्हर कधी बंद करायचा, बॅकअप कधी घ्यायचा, हे सगळं डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं असतं. असे नऊशेच्या वर डॉक्युमेंट आहेत. शोधायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाला टॅग असतात. मालक कोण, क्लायंट कोण.

आणि शेवटचा टॅग... हँडओव्हर.

नोकरी सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी आपल्या डॉक्युमेंटना हा टॅग लावतो आणि पुढे कोण बघणार त्याचं नाव लिहितो. त्याआधी तो कुणी लावत नाही, आणि नव्या माणसानं काम घेतलं की काढून टाकतात.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी आमच्यातला पुष्कर माझ्याकडे आला होता.

"ज्योत्स्नाताई, माह्या डॉक्युमेंटले हँडओव्हर तुमी लावला काय? सगळ्याइवर तुमचंच नाव आहे."

"मी कशाला लावू? मुलगी पाहून आलास ना, नोकरी सोडून पळायचा बेत दिसतो तुझा."

तो हसला. टॅग काढून टाकले त्यानं.

दुसऱ्या दिवशी गाडीनं घरी अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याला ट्रकनं उडवलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

मी रडले नाही. का, ते ठाऊक नाही. तेराव्याला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर बसले.

अठरा मार्चला आमचे साहेब, केशवराव सर, यांनी सांगितलं, पुष्करचे डॉक्युमेंट तुझ्या नावावर करून घे. त्याचं अकाउंट त्यांनी कधीच बंद केलं होतं. एखादा टॅग राहिलाय का ते बघायला मी आधी शोधायचा फिल्टर लिहिला. 'की'मध्ये, म्हणजे टॅगच्या रकान्यात, लिहिलं हँडओव्हर. 'व्हॅल्यू'त, म्हणजे त्यापुढच्या रकान्यात, माझं नाव द्यायचं होतं, ते राहून गेलं. नाव दिलं नाही की ज्याला ज्याला तो टॅग आहे ते सगळे यादीत येतात.

यादी रिकामी यायला हवी होती. पुष्करनं टॅग काढले होते ना.

त्रेचाळीस आले.

एकतीस पुष्करचे. हँडओव्हर, ज्योत्स्ना. आणि खाली आणखी बारा...

मालक, ज्योत्स्ना. हँडओव्हर, निधी.

मी ते लावले नव्हते. कुणी कधी काय बदललं त्याची नोंद असते, तो लॉग उघडला. टॅग लावणारा, पुष्कर. तारीख आजची. वेळ तीन वाजून दहा.

घड्याळात तीन अकरा झाले होते.

तेवढ्यात पुष्करच्या टेबलावरून आवाज आला... टक. टक टक.

टेबल रिकामं होतं. त्याचा कीबोर्ड आठवडाभरापूर्वीच कपाटात गेला होता. निधी मान वर करून तिकडेच बघत होती.

"तू चालली काय सोडून?" मागे येऊन स्क्रीनवरची यादी बघत केशवराव सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मंग निधीचं नाव काहून लावलं?"

मी लॉग दाखवला. त्यांनी तारीख पुन्हा वाचली. "सिस्टीमचा घोळ असंन. काढून टाक," म्हणाले आणि चारलाच घरी निघून गेले.

मी टॅग काढले. यादी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला... पुन्हा बारा.

आठ दिवस काढत राहिले. मग सोडून दिलं. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. सुईनं बधिर केलेल्या दाढेसारखं सगळं झालं होतं.

एकच गोष्ट डोक्यातून जाईना. श्रावणी. माझी मुलगी, पाच वर्षांची. नवरा, किशोर, औषध कंपनीत आहे, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. माझ्या डॉक्युमेंटना निधी होती. श्रावणीला कोण?

रविवारी दुपारी वही घेऊन बसले. दम्याचा पंप कुठे ठेवलाय. वेणी घट्ट घातली तर रडते. वरण गार झालं तर खात नाही. प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, पुढे कोण, आणि जागा कोरी सोडली. हे मी किशोरलाही सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी दार वाजलं.

सासूबाई. पार्वताबाई. हिवरखेडहून एकट्या, हातात दोन पिशव्या. शेत सोडून दोन दिवस कुठे न राहणारी ही बाई.

"आई, अचानक?"

"अचानक काहून? तूच त बलावलं. तुह्या हापिसातल्या पोरानं काल फोन केला. म्हने, श्रावणीजवळ राहाले या. आता कायमचंच या म्हने."

"कोणतं पोरगं?"

"नाव नाही सांगतलं त्यानं. बोलाले मोठं गोड. पन मांगं गाड्याइचा लय आवाज व्हता. रस्त्यावरून बोलून राहिला असंन."

"किती वाजता?"

"तीनच्या वर झाले असतीन."

मी त्यांचा फोन घेऊन पाहिला. रविवारी दुपारी त्यावर एकही फोन आलेला नव्हता.

सासूबाई अजून इथेच आहेत. वेणी सैल घालतात, वरण गरम करून देतात. यातलं मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही.

काल मी सुट्टी घेतली होती. दुपारी शाळेचा ऑटो आला, तेव्हा दारात मीच उभी होते. श्रावणी उतरली, माझ्या अंगावरून आत पळत गेली. आजी, आजी करत.

मी हाक मारली. दोनदा मारली.

तिनं वळून पाहिलं नाही.