डाव्या हाताची गाठ

१९९९ सालची गोष्ट. परदेशात म्हणे यंत्राचे हात ऑपरेशन करू लागले होते. सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात विजयमाला सिस्टर मला चिडवायच्या, "सर, आता तुमचा डावा हात भंगारात." मी डावखुरा सर्जन. टाक्याच्या दोऱ्याची माझी गाठही उलटी पडते, आणि तशी बांधणारा या भागात दुसरा कोणी नाही, याचा मला भारी तोरा होता.

जतकडचा धुळा बायकोला पाठीवर घेऊन आला. बनाबाई तिचं नाव. शेळीची धार काढता काढता मनगट मोडलं होतं, त्याआधी मांडी, ती गावातच हाडवैद्यानं बांधलेली. गळ्यात पॅराथायरॉइडच्या ग्रंथी असतात, गव्हाच्या दाण्याएवढ्या, चार. एक बिघडली तरी हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. ती शोधून कापून काढली नाही, तर ही बाई पुन्हा चालणार नव्हती.

"मागच्या बारीला लय दुखलं, सायब," ऑपरेशनच्या टेबलावर ती म्हणाली.

मी तसाच बाहेर जाऊन धुळाला विचारलं, "आधी कुठं ऑपरेशन झालंय?"

"न्हाई वो. दवाखान्याची पायरीच पैल्यांदा चढतुया."

गळ्यावर ओरखडाही नव्हता. कॅल्शियम वाढलं की माणूस बरळतो, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

गळा उघडला. तीन ग्रंथी ठणठणीत. चौथीच्या जागी ग्रंथीच नव्हती. तिथं काळ्या रेशमी दोऱ्याची गाठ होती.

उलटी.

सिस्टरांनी गाठीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "सर, ही आत्ता बांधलीत?"

"मी अजून दोरा मागितलेला नाही."

खरं सांगतो, भ्यालो. बराच वेळ शोधलं, काही हाती लागलं नाही. शेवटी गळा शिवला.

टाके काढायच्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम जसंच्या तसं. मी पट्टी सोडली.

टाके नव्हते. व्रण नव्हता. सावळी, सलग कातडी.

"आता काय वो?" धुळानं विचारलं.

मी पट्टी उलटून पाहिली. पट्टीवर वाळलेलं रक्त मात्र होतं.

बनाबाईनं प्लास्टरमधला हात माझ्या हातावर ठेवला.

"गोंधळू नगा, सायब. दर बारीला तुमी असंच करता."

मग कुणी न सांगता तिनं उशी बाजूला सारली आणि ऑपरेशनला टाकतात तशी मान मागं टाकली.