मामीचा आवाज

आईने फोनवर बजावलं होतं, "शनिवार-रविवार मामाकडे जाऊन ये. एकटा पडलाय तो. जमलं तर समजूत घाल, परत ये म्हणावं घरी." म्हणून मी गेलो. परदेशात शिकणाऱ्या पोराला दोन दिवस घरचं जेवण मिळणार असेल, तर आईच्या आज्ञेबाहेर तो जातो कशाला?

मामाही त्याच देशात. त्याचा धंदा कानाच्या मशीनचा. राहत्या घराच्या मागच्या खोलीत त्याने तपासणीची केबिन बांधली होती. कपाटाएवढी जागा, भिंतींना जाड स्पंज, आत एक खुर्ची, हेडफोन आणि एक बटण. मामा बाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, की बाहेर टेबलावर लाल दिवा लागायचा.

हा धंदा त्याने धरला तो मामीपायी. मामी जन्मापासून बहिरी आणि मुकी. तिला एकही मशीन लागू पडलं नाही, पण मामा चिवट. आम्हा मुलांशी ती तळहातावर बोलायची. बोटाने एकेक अक्षर काढायची आणि बोलणं संपलं की आमची मूठ मिटवायची. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

मी पोचलो तेव्हा दुपारच होती, पण तिकडे थंडीत दुपारीच अंधारून येतं. मामा पार खंगला होता आणि चेहरा मात्र नवरदेवासारखा फुललेला. जेवताना मी विषय काढला.

"मामा, आई म्हणते परत चल."

"मामीला टाकून?"

माझा घास हातातच राहिला.

"बोलते रे ती आता," मामा हलक्या आवाजात म्हणाला. "केबिनमध्ये. इतका गोड आवाज असेल असं वाटलंच नव्हतं मला..."

"पण ती मामीच, कशावरून?"

"माझ्याशी इतक्या मायेने दुसरं कोण बोलणार?"

मामीचा आवाज जगात कुणीच ऐकला नव्हता.

"मला वेड लागलंय असं वाटतंय ना तुला? मग तू बस आत. काही ऐकू आलं नाही, तर आईकडे येतो परत. शब्द देतो."

मामा शब्दाचा पक्का. दहा मिनिटं कपाटात बसून मामा परत मिळत असेल, तर स्वस्तात सुटलो, असं मला वाटलं.

त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, आतला दिवा मालवला आणि दार लावून घेतलं. स्पंजाचा कुबट वास नाकात बसला. इतकी शांतता की माझीच नाडी कानात वाजत होती. मग कुणीतरी श्वास घेतला. तो माझा नव्हता.

"आलास...? किती वाळलास रे."

बाईचा आवाज. खरंच गोड. मी दोन्ही हातांनी खुर्ची आवळली. बटण मांडीवरून खाली पडलं.

"घाबरतोस कशाला? मामीच आहे मी. मामाला न्यायला आलास ना...? नको नेऊस. त्यापेक्षा तूच राहा इथे..."

मी ओरडणार, तेवढ्यात कुणीतरी माझा हात खुर्चीवरून सोडवून घेतला. उबदार, ओळखीचा हात. तळहातावर बोट फिरलं. घाईघाईने, पुन्हा पुन्हा, तीच दोन अक्षरं. पळ. पळ. आणि माझी मूठ मिटवली.

कानातला आवाज एकदम थांबला. मग अगदी जवळून म्हणाला, "तुझ्याशेजारी कोण आहे रे...?"

मी दाराला धडक देऊन बाहेर पडलो.

"ऐकू आलं ना?" मामाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही. चल, आत्ताच निघू."

मामाने टेबलाकडे बोट दाखवलं. लाल दिवा लागलेला होता. मी बाहेर उभा, केबिन रिकामी, आणि आतून कुणीतरी बटण दाबून धरलं होतं.

"खोटं बोलतोस," मामा म्हणाला.

"मामा, बोलतेय ती मामी नाही. मामी आत आहे, पण तिने माझ्या हातावर लिहिलं. पळ म्हणाली..."

"तू असंच काहीतरी सांगशील, हे तिने मला आधीच सांगितलंय." मामा हसला, आत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. मी ते उघडायला जिवाचा आटापिटा केला. आतून धरून ठेवलेलं होतं, आणि ती ताकद एकट्या मामाची नव्हती.

मी पळालो. बॅगसुद्धा तिथेच राहिली. वसतिगृहात परत आल्यावर मामाला कितीदा फोन केला, पण कुणी उचलला नाही. आईला काय सांगावं ते कळेना. रविवारी तिचाच फोन आला.

"मामाने कामाला बाई ठेवलीय का रे? फोन तिनेच उचलला. चांगलं मराठी बोलते. आवाज तर काय गोड! तुझी बॅग राहिलीय म्हणाली, आणून देते. मी तुझा पत्ता दिलाय."

"आई... मामाशी बोललीस?"

"त्याला फोन द्या म्हटलं, तर म्हणते कशी, त्यांना आता ऐकू येत नाही." आई हसली. "थट्टेखोर दिसते बाई."